तिसरा उन्हाळा काढील तेच झाड

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओळीने लागतात. भोवती खाडीकाठची खार, तिवरांचे रान आणि मिठागरे. पावसाळ्यात भाताचे एक पीक घ्यावे, उन्हाळ्यात मिठागरावर राबावे, असा इथल्या माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. १२ जून १९८५ रोजी आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली. पुढे राई-मुर्ध्याकडची गावेही तिच्यात आली आणि २८ फेब्रुवारी २००२ पासून नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. गाव जागच्या जागीच राहिले, पण कागदोपत्री ते शहर झाले.

ही गोष्ट एकट्या मुर्ध्याची नाही. आज महाराष्ट्रात कितीतरी गावांची नगरपंचायत झाली आहे, कितीतरी गावे जवळच्या शहराच्या हद्दीत गेली आहेत. उद्या आपल्याही गावावर ही पाळी येऊ शकते. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, गाव शहरात गेल्यावर गावच्या झाडांचे काय होते आणि त्यात आपल्याला काय करता येते, याचा विचार आताच करून ठेवणे अगत्याचे आहे.

झाड लावणे सोपे, जगवणे अवघड

किनारपट्टीच्या गावांतून झाडे कोणी योजना आखून लावली नव्हती. बांधावर रानभेंडी आणि करंज, अंगणात आंबा, फणस, शेवगा, विहिरीपाशी नारळ, देवळापुढे वड-पिंपळ. प्रत्येक झाडाला धनी होता आणि प्रत्येक झाडाचा काही ना काही उपयोग होता. करंजाचा पाला शेतात जाई, रानभेंडीचे लाकूड औताला येई. धनी होता म्हणून पाणी मिळे, उपयोग होता म्हणून राखण होई.

शहराचा रस्ता रुंद होतो, बांध मोडतो, अंगणाची चाळ होते, तेव्हा हे झाडही जाते आणि त्याचा धनीही जातो. मग पालिका जुलै महिन्यात वृक्षारोपण करते. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून हा रिवाज आहे आणि तो चांगलाच आहे. पण पाऊस संपला की रोपाकडे पाहायला कोणी नसते. कार्तिकात ते सुकते, वैशाखात मरते आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. आपल्या राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी अशी वाढती उद्दिष्टे ठेवून वृक्ष लागवड झाली. त्यांतली जगली किती, हा प्रश्न पुढे २०२१ साली विधिमंडळातही गाजला.

शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. पेरलेल्या बियाण्यावरून आपण कधी पिकाचा अंदाज सांगतो काय? खळ्यावर रास पडते, तेव्हाच आपण माप घालतो. झाडाचे खळे म्हणजे तिसरा उन्हाळा. कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. पहिल्या उन्हाळ्यात रोपाची मुळे पिशवीएवढ्या मातीतच असतात. दुसऱ्या उन्हाळ्यात ती बाहेर पडू लागतात, पण खालच्या ओलीपर्यंत पोहोचलेली नसतात. आणि नेमके दुसऱ्याच वर्षी पाणी घालणाऱ्याचा उत्साह ओसरतो. तिसरा उन्हाळा काढला की झाड बहुधा स्वतःच्या पायावर उभे राहते. म्हणून पालिकेला आपण एकच आग्रह धरावा: लावलेली झाडे मोजू नका, तिसरा उन्हाळा काढलेली मोजा.

कायदा आपल्या बाजूला आहे

शहरातील झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम’ असे त्याचे नाव. त्यातील चार गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, पालिकेत वृक्ष प्राधिकरण असले पाहिजे. महानगरपालिकेत आयुक्त हे त्याचे अध्यक्ष असतात. झाडांची राखण, रोपवाटिका आणि नवी लागवड ही त्याची कामे.

दुसरी, दर पाच वर्षांनी झाडांची गणना झाली पाहिजे. माणसांची शिरगणती होते तशीच ही.

तिसरी, झाडांसाठी घरपट्टीबरोबर वृक्ष उपकर घेण्याची सोय कायद्यात आहे. आपल्या बिलावर तो आहे का हे पाहावे. असेल तर त्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

चौथी, झाड तोडायचे झाले तर परवानगी लागते. तिच्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. मुदतीत लेखी हरकत घेता येते. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले. तोडायच्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावावीत आणि ती सहा ते आठ फूट उंचीची असावीत, असे धोरण आले. शिवाय ती सात वर्षे सांभाळायची. म्हणजे तीन उन्हाळ्यांची आपली मागणी काही अवाजवी नाही. कायद्याने तर सात उन्हाळे सांगितले आहेत!

बाहेरची शहरे काय करतात?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि अमेरिकेतील एक वृक्षसंस्था मिळून २०१९ पासून जगातील काही शहरांना ‘वृक्षनगरी’ म्हणून मान्यता देतात. भारतातून हैदराबादला आणि नंतर मुंबईला हा मान मिळालेला आहे. त्यासाठी पाच गोष्टी पाहतात: झाडांची जबाबदारी कोणावर आहे, नियम आहेत काय, शहरात कोणती झाडे कोठे आहेत याची नोंद आहे काय, दरसाल पैसा ठेवला आहे काय, आणि लोकांना वर्षातून एकदा तरी त्या कामात सहभागी करून घेतात काय. वरच्या चार कलमांशी ताडून पाहा. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या कायद्यात १९७५ पासूनच आहेत. उणीव आहे ती नोंद आणि राखण यांची.

नेदरलँडचे एक तज्ज्ञ प्राध्यापक सेसिल कोनायनेंडायक यांनी २०२१ साली एक सोपे माप सुचवले. प्रत्येक घरातून निदान ३ झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीवर ३० टक्के सावली असावी आणि बाग वा झाडी ३०० मीटरच्या आत असावी. आपल्या दारात उभे राहून हे माप आजच लावून पाहावे. जुन्या गावठाणात तीन झाडे सहज दिसतील. नव्या इमारतीच्या गल्लीत एखादे तरी दिसेल काय?

आधी गावची झाडवही

पालिकेची गणना होईल तेव्हा होईल. गावाने आपली वही आजच करावी. शाळेतील सातवी-आठवीची मुले, एखादे शिक्षक आणि झाडांची जुनी माहिती असलेली दोन वडीलधारी माणसे एवढे पुरे. एक रविवार गल्लीगल्लीतून हिंडावे आणि वहीत सहा रकाने आखावेत: झाडाचे नाव, जागा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, अंदाजे वय, प्रकृती आणि धनी. घेर मोजायला साधी सुतळी आणि शिंप्याची पट्टी चालते. झाडाच्या वयाबाबत आजी-आजोबांना विचारावे. ‘हा वड आमच्या लग्नात एवढाच होता’ हा पुरावा लहान समजू नये.

त्याच फेरीत रिकाम्या जागाही टिपाव्यात. गावतळ्याचा काठ, शाळेचे आवार, स्मशानभूमी, दवाखाना, बसथांबा, मासळीबाजार. जिथे माणसे उन्हात उभी राहतात, तिथे पहिले झाड. शोभेची जागा नंतर.

या वहीचा उपयोग संकटाच्या वेळी कळतो. मेट्रो मार्ग ९ च्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धा-मोर्वा भागातील जमीन ठरली होती. घरे व शेती जाईल म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला. मग जवळच्या डोंगरीची जागा पुढे आली आणि २०२५ साली तेथील हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला, हरकती दाखल झाल्या. मेट्रो हवी की नको, हा या लेखाचा विषय नाही. शहराला वाहनही लागते आणि सावलीही लागते. पण अशा वेळी ‘आमच्याकडे पुष्कळ झाडे आहेत’ असे तोंडी सांगून भागत नाही. कोणते झाड, किती घेराचे, कोठे, हे ज्याच्या वहीत आहे त्याच्या हरकतीला वजन येते. दुसरे असे, की एका गावातले झाड तोडून दुसरीकडे दहा लावली तरी पहिल्या गावाची सावली परत येत नाही. भरपाईची झाडे शक्य तितकी त्याच परिसरात लावा, असे हरकतीत स्पष्ट लिहावे.

खारीत खोल खड्डा नको

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. इथे शेतकऱ्याचा अनुभव पालिकेच्या फार कामाचा आहे. ठेकेदाराला सगळीकडे तीन फूट लांब, रुंद आणि खोल असा एकच खड्डा ठाऊक असतो. माळाच्या, मुरमाच्या जमिनीत तो योग्यच आहे. वैशाखात खणावा, ऊन खाऊ द्यावा, मग चांगली माती, चार घमेली कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा घालून भरावा.

पण खाडीकाठच्या खारीत जमिनीखाली थोड्याच अंतरावर खारे पाणी असते. तिथे खोल खड्डा म्हणजे झाडाला खारे पाणी पाजणे होय. शिवाय उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे क्षार वर येतात आणि पृष्ठभागावर पांढरे पापुद्रे दिसू लागतात. म्हणून खारीत खड्ड्याऐवजी उंचवटा करावा. गोड माती व शेणखत यांचा दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद ढीग रचून त्याच्या माथ्यावर रोप लावावे. पावसाचे पाणी उंचवट्यातील क्षार धुऊन खाली नेते. पावसाळ्यानंतर बुंध्याभोवती पेंढ्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. ओल टिकते आणि क्षारही कमी चढतात. ते खोडाला मात्र टेकू देऊ नये. लावण्यापूर्वी माती परीक्षण करून घ्यावे.

रोप मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, आर्द्रात लावावे. श्रावण सरल्यावर लावलेल्या रोपाला मूळ धरायला वेळ उरत नाही. पिशवी फाडून काढावी. पुष्कळदा पिशवीसकट रोप पुरलेले दिसते, ते टाळावे. पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली मुळे दिसली तर ती धारदार चाकूने छाटून टाकावीत, नाही तर मोठेपणी झाड वाऱ्यात उन्मळते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या बागांचे काय केले, हे कोकणी माणसाला सांगायला नको. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हाही झाडे पुष्कळ पडली. मुळांना जागा नसलेले झाड आधी पडते.

कोणते झाड कोठे?

खारीत व खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर: रानभेंडी, उंडी, करंज, नारळ, विलायती चिंच. नारळ रहदारीच्या वाटेवर मात्र लावू नये.

रुंद रस्त्याला, गोड जमिनीत: ताम्हण, कडुनिंब, बकुळ, बहावा. ताम्हण तर आपल्या राज्याचे फूल आहे.

तळ्याकाठी, शाळेत, स्मशानात, जिथे मोकळी जागा आहे तिथे: वड, पिंपळ, चिंच, जांभूळ, आंबा. या झाडांत तीस-चाळीस फूट अंतर हवे.

विजेच्या तारांखाली: पारिजातक, कांचन, तगर, कढीपत्ता. तारेखाली मोठे झाड लावले की ते दरसाल एका बाजूने तासले जाते आणि शेवटी तोल जाऊन पडते.

एकाच जातीची रांग लावण्याचा मोह टाळावा. मुंबईत वर्षावृक्षांवर पिठ्या ढेकूण पडला आणि डौलदार झाडे वाळून गेली. पिठ्या ढेकूण द्राक्षावर व सीताफळावरही कसा पसरतो, हे आपल्याला माहीत आहे. शंभर झाडांत एका जातीची दहापेक्षा जास्त नसावीत.

आणि तिवरे? ती आधीच लागलेली झाडे आहेत. भरती-वादळाचा जोर ती अडवतात, मासळीच्या पिल्लांना आसरा देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीवर आणि त्यांत भराव टाकण्यावर बंदी घातली. भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखीव मानला आहे. तिवरांत मातीचा भराव घालून वर बाग करणे म्हणजे घरची गाय विकून पातेले घेण्यासारखे आहे.

पाण्याचा हिशेब आधी

रोप लावण्याआधी पाण्याचा हिशेब मांडावा. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यापासून शिमग्यापर्यंत आठवड्यातून एकदा आणि त्यापुढे आठवड्यातून दोनदा, दर झाडाला दोन बादल्या. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा, तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा. १०० झाडांना दर खेपेस २०० बादल्या लागतात. १५ लिटरची बादली धरली तर ३,००० लिटर झाले. आठवड्यातून दोन खेपा म्हणजे ६,००० लिटर. एवढे पाणी कोठून येणार, हे ठरले नसेल तर १०० ऐवजी ३०च झाडे लावावीत. ३० जगलेली झाडे १०० वाळलेल्या काड्यांपेक्षा बरी.

पालिकेकडे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे असतात. त्यांचे पाणी टँकरने झाडांना मागावे, पण त्यात क्षार किती आहेत ते आधी तपासून घ्यावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘गावकरी पाणी घालतील’ असे सभेत ठरते, तेव्हा तो हंडा बहुधा घरच्या बाईच्याच डोक्यावर येतो. आधीच घर, शेत, मासळी सांभाळणाऱ्या मायबहिणींवर हा नवा भार टाकू नये. पाण्याचे काम पालिकेने मोबदला देऊन करून घ्यावे. बचत गटांनी ते अंगावर घेतले तर मजुरी ठरवूनच घ्यावे आणि निम्मे पैसे तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत झाडांच्या मोजणीवर मिळावेत. यात गटाचाही फायदा आहे आणि झाडाचाही.

बचत गटांना दुसरेही काम आहे. सहा-आठ फुटी देशी रोपे पालिकांना लागतात. भेंडी, करंज, उंडी यांचे बी आपल्याच गावात पडते. मोठ्या पिशवीत दोन-तीन वर्षे वाढवलेले रोप चांगला भाव आणते. ज्या शेतात आता भात परवडत नाही, त्याच्या कोपऱ्यात अशी रोपवाटिका बसते. मात्र पालिकेकडून लेखी मागणी घेऊनच मोठा खर्च करावा.

बुंध्याला श्वास घेऊ द्या

वाढलेले झाडही शहरात उपाशी मरते. फुटपाथ करताना सिमेंट थेट खोडापर्यंत आणतात. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढायला सांगितले होते. आपल्या गल्लीतही तेवढी माती मोकळी ठेवायला सांगावे. खोडावर खिळे, जाहिरातीचे फलक, दिव्यांच्या माळा नकोत. लोखंडी जाळी खोडात रुतण्याआधी काढावी. पावसाआधी छाटणी जाणत्या माणसाकडून करावी. शेंडा छाटलेले झाड म्हणजे डोके उडवलेला माणूस.

मनातील एक भीती

काही शेतकरी खासगीत म्हणतात, ‘साहेब, स्वतःच्या जागेत झाड लावले तर उद्या घर बांधताना पाय अडकतो.’ ही भीती अगदीच खोटी नाही. शहराच्या हद्दीत स्वतःच्या जागेतील झाडालाही परवानगी लागते. पण उपाय झाड न लावणे हा नव्हे. पुढे घर वाढवायचे असेल ती बाजू आधी ठरवून ती मोकळी ठेवावी आणि कुंपणाच्या कडेला, घरापासून पंधरा-वीस फुटांवर झाड लावावे. पश्चिमेला सावली देणारे झाड असेल तर दुपारचे ऊन भिंतीवर येत नाही, घर थंड राहते. आणि गुपचूप झाड मारण्याच्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा रीतसर अर्ज बरा.

ग्रामस्थांनी पालिकेला काय लिहावे?

एक साधा अर्ज करावा. त्यावर गावातील स्त्री-पुरुषांच्या सह्या असाव्यात आणि झाडवहीची नक्कल जोडावी. मागण्या पाचच: आमच्या गावची झाडगणना आमच्यासमोर व्हावी. आम्ही दाखवलेल्या जागी, आम्ही सुचवलेल्या जातींची झाडे लावावीत. खारीत उंचवट्यावर लागवड व्हावी. ठेक्याचे निम्मे पैसे तिसऱ्या उन्हाळ्यानंतर द्यावेत. झाड तोडण्याची नोटीस गावच्या फलकावरही लावावी. अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जावे. कचेरीत एका फेरीत काम होत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. चिकाटी आपल्या अंगी आहे. भरतीने खार बांध फुटला की तो पुन्हा बांधणारी ही माणसे आहेत.

येत्या वैशाखात खड्डे व उंचवटे तयार करा, आर्द्रात रोपे लावा आणि झाडवहीत तारीख टाका. त्या तारखेपुढे तीन रिकामे चौकोन आखून ठेवा. प्रत्येक उन्हाळ्यानंतर झाड जिवंत असेल तर एका चौकोनात बरोबरची खूण करा. तिन्ही चौकोन भरले, की झाड गावच्या नावे जमा धरा.